परचुरेबाईंचा वावर

आमच्या गावात बंद घर चाळीस दिवसांनी मालकाला विसरतं. एकदा विसरलं की किल्ली फिरते, पण दार उघडत नाही. आमच्या शेजारचे जांभेकर मुलीच्या बाळंतपणासाठी दोन महिने गेले, आणि परत आल्यावर स्वतःच्याच अंगणात बॅगेवर बसून राहिले. नगरपालिकेचा माणूस येऊन दारावर 'ओळख नाही' असा शिक्का मारून गेला. जांभेकर आता भाच्याकडे असतात. यात नवल काही नाही. घराला माणसाचा वावर लागतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

म्हणून माझ्या मुलाने, मिलिंदने, हैदराबादहून फोन केला, "आई, ये बाई इकडे, बाळाला सांभाळायला कोणी नाही," तेव्हा मी आधी वावर पुरवणाऱ्या ऑफिसात गेले. आमचे हे जाऊन चार वर्षं झाली होती. उन्हातान्हात उभं राहून त्यांनी बांधून घेतलेलं घर ते. त्यांच्या फोटोला रोज फूल घालायचं आणि एक दिवस त्याच घरात डोळे मिटायचे, एवढंच माझं मागणं होतं.

ऑफिसात घोरपडे म्हणून एक सज्जन गृहस्थ होते. "साधा वावर हवा की संपूर्ण?" त्यांनी विचारलं. "साध्यात आमची बाई रोज येऊन दिवा लावते, पंखा फिरवते. संपूर्णमध्ये ती राहते, स्वयंपाक करते, सणवार करते, आजारी पडते, शेजाऱ्यांशी भांडते."

"साध्याने भागतं का?"

"भागतं. पण परत आल्यावर एखादी खोली उघडत नाही."

म्हणजे देवघरच उघडलं नाही तर? मी संपूर्ण घेतला. अर्धवट काम मला जन्मात आवडलं नाही, आणि तेच मला नडलं.

"फी?"

"पैसे नाहीत. घर पैशाला ओळखत नाही. पण एक माणूस एका वेळी दोन घरांत वावरू शकत नाही. तेव्हा तुमचा हैदराबादचा वावर आम्ही इकडे वर्ग करून घेऊ."

मला वाटलं, मुलाच्या घरी आपला वावर तो असा कितीसा असणार! तीन प्रतींवर सह्या केल्या.

मग मी सूचना लिहिल्या, चांगली एकोणीस पानं. फोडणीत हिंग कधी टाकायचा. समोरच्या गोडबोलेबाईंशी पाण्याच्या पाइपावरून दर मंगळवारी भांडायचं, कंटाळा करायचा नाही. ह्यांच्या फोटोला अंगणातलंच फूल, बाजारचं नको. शोकेसमधले सोनेरी काठाचे कप फक्त पाहुण्यांसाठी, घरच्या माणसाने त्यातून चहा प्यायचा नाही. बत्तीस वर्षांत मी एकदाही प्यायले नव्हते. पाहुण्याला स्वयंपाकघरात येऊ द्यायचं नाही. घोरपडे वाचून खूश झाले. "इतक्या नेटक्या सूचना कोणी देत नाही हो," म्हणाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

हैदराबादला पहिल्या महिन्यात बाळ हाकेला वळेनासं झालं. दुसऱ्या महिन्यात सून दोघांचीच पानं घेऊ लागली. कोणी वाईट बोललं नाही. बोललं असतं तर मी दोन शब्द उलट ऐकवले असते. मी बसलेली असताना खोलीतला दिवा, पंखा बंद करून जायचे. मी केलेला चहा हातात घेऊन सून विचारायची, "आज चहा कोणी केलाच नाही का?" तिकडून गोडबोलेबाईंचा फोन यायचा, "काय कडाडून भांडलात हो परवा! तब्येत सुधारलीय तुमची." शेवटी बाळाला पाळणाघरात घातलं. "आईला आणायचं होतं, ते राहूनच गेलं," मिलिंद कुणाला तरी सांगत होता. मी त्याच्या शेजारीच बसले होते. करार मोठा चोख होता.

मी परत निघाले, तेव्हा कोणी पोचवायला आलं नाही. गावात बसमधून उतरल्यावर मात्र लोकांना दिसू लागले. रिक्षावाल्याने दुप्पट पैसे मागितले, तेव्हा मेलं इतकं बरं वाटलं!

दार आतून बंद होतं. बेल वाजवली. माझी मोतिया साडी नेसलेल्या बाईने दार उघडलं.

"कोण हवंय?"

"मी परचुरे."

"परचुरे मीच," ती म्हणाली, पण प्रेमाने. "या ना, बसा. लांबून आलेल्या दिसता."

घराचा एक वासा फिरला नव्हता. फोडणीचा वास थेट माझ्या हातचा. मी सवयीने स्वयंपाकघराकडे वळले, तर ती आडवी आली. "इथेच बसा हो, आत पसारा आहे." ह्यांच्या फोटोवर अंगणातलं जास्वंद होतं. फोटोकडे बघून मला रडू यायला हवं होतं. डोळे तिने पुसले, पदराने. मी कोरडीच. मग तिने शोकेस उघडली आणि सोनेरी काठाच्या कपात मला चहा आणून दिला. त्या कपातला चहा फार लवकर गार होतो. बत्तीस वर्षं मला हे माहीत नव्हतं.

मी तडक ऑफिस गाठलं आणि घोरपड्यांना वाट्टेल ते बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"एका घरात दोन परचुरेबाई बसत नाहीत," ते म्हणाले. "तिला काढली तर घर गोंधळतं आणि दोघींना विसरतं. मग दाराला शिक्का. फोटोला फूल कोण घालणार?"

मी समोरच्या खुर्चीत बसले.

"तुमचा स्वतःचा वावर आता शिल्लक नाही," ते पुढे म्हणाले. "म्हणजे दुसरीचा सहज बसेल. शिवाय तुमचं काम नेटकं. एक जागा रिकामी आहे."

आता मी बाजारामागच्या गल्लीत साखळकरबाई असते. त्यांनी सूचना चारच पानं दिल्या, आळशी बाई! बाकीचं मी माझ्या मनाने बसवलं. त्यांच्या जावेशी वर्षभर अबोला धरला आहे, गुडघे त्यांच्यासारखे दुखवते. सकाळी त्यांच्या मिस्टरांच्या फोटोला हार घालताना मला खरंच भरून येतं.

परवा दुपारी बेल वाजली. दारात बॅग घेतलेली बाई.

"मी साखळकर," ती म्हणाली.

"साखळकर मीच. या ना, बसा."

ती स्वयंपाकघराकडे निघाली. मी आडवी गेले. ती खुर्चीत बसली आणि फोटोकडे बघत राहिली. डोळे मी पुसले.

तिच्या चार पानांत कपांचं काहीच नव्हतं. तरी मी शोकेस उघडून चांगले काढले आणि चहा तिच्या हातात दिला.

"लगेच घ्या," मी म्हटलं. "यातला फार लवकर गार होतो."