बेहड्यातली मूळ प्रत

आमच्या देवराईतल्या धनेश पक्ष्याच्या मादीने यंदा फाल्गुनात महिला मंडळाकडे रीतसर अर्ज दिला, की ती तीन महिने बेहड्याच्या ढोलीत व्रताला बसत आहे, तरी झाडाखाली कुणी मोठ्याने बोलू नये. आम्ही अर्ज मंजूर केला. तिने ढोलीचं तोंड आतून लिंपलं, नवऱ्याने घास द्यावा एवढी फट ठेवली, आणि आम्ही तेरा जणींनी पाळ्या लावून झाडाची राखण सुरू केली.

चैत्रात निसर्गजागृती महामंडळाचे पेंडुरकर साहेब आले. बेहडा तोडून तिथे ‘पक्षी वाचवा’ लिहिलेला बारा फुटी सिमेंटचा धनेश बसवायचा होता.

“अहो, पण खरी आत बसलीय,” मी म्हटलं.

“वहिनी, खरीचं उद्घाटन करता येत नाही. ना-हरकतीवर तिची सही हवी. खाली बोलवा.”

“व्रताला बसलेली बाई उद्यापनाआधी उठत नाही,” तानूकाकी म्हणाल्या. “तुमच्या घरी उठते का?”

ढोलीतून आवाज आला, “माझी पिसं झडलीत. अशी मी परक्यांपुढे येणार नाही.”

साहेबांनी शिडी मागवली. मी हात जोडून सांगितलं, की त्या फटीतून आत जाईल तो नैवेद्य. आणि ज्या हाताने एकदा दिला, त्या हाताला उद्यापनापर्यंत खाडा नाही.

“बायकांच्या गोष्टी,” म्हणत ते चढले आणि झाड तोडायची नोटीस फटीतून आत सरकवली.

तिने ती खाल्ली.

“कोरडी होती,” ती म्हणाली. “उद्या उंबरं आणा. पिकलेली.”

शेजारच्या फांदीवरून नवरा म्हणाला, “सकाळची पाळी तुमची. दुपारची मी बघतो.”

साहेबांनी वर कळवलं. आठवड्याने महामंडळाचं उत्तर आलं: नोटिशीची मूळ प्रत झाडात असल्याने झाड हे आता दफ्तर आहे, दफ्तर तोडता येत नाही, संबंधित अधिकाऱ्याने पुढील आदेशापर्यंत दफ्तरी हजर राहावं.

तेव्हापासून साहेब रोज सकाळी उंबरं घेऊन चढतात. आता कच्ची-पिकली त्यांना कळतात. सिमेंटचा धनेश पंचायतीच्या आवारात आडवा पडलाय. त्याला कुणी घास देत नाही.

काल साहेबांनी भाचीच्या लग्नासाठी एक दिवसाची रजा मागितली. फटीतून चोच बाहेर आली.

“पिल्लांना विचारून सांगते.”

साहेब शिडीवरच थांबले. संकष्टी होती, म्हणून मी खाली त्यांच्यासाठी साबुदाण्याची खिचडी झाकून ठेवली.