सासूबाईंचे तेहतीस धवले

कॉम्प्युटरमधलं मला सगळं कळतं, असं मी धाटावच्या कंपनीत तरी सांगून ठेवलंय! त्यामुळे माझ्यासोबत काम करणाऱ्या मिथुनने शिफ्ट सुटताना पेनड्राइव्ह पुढे केली आणि म्हणाला, "विंडोजच्या जागी टाकायची फुकटची लिनक्स हाय, जुनं मशीन घोड्यासारखं पळंल!" तेव्हा मागे हटणं शक्यच नव्हतं.

रविवारी सकाळी रोह्यातल्या घरी पेनड्राइव्ह लावली, मशीन चालू केलं. पाच मिनिटांत नवाकोरा निळाशार पडदा!

"मृणाली, बघ! झालंसुद्धा!"

बायको ओल्या हातांनी आली. "छान हाय. पण आईचे धवले कुठं गेले?"

माझ्या सासूबाई, सगुणाबाई, पेणजवळच्या खाडीकाठच्या गावांतून लग्नात धवले गायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचा आवाज बसला. त्याआधी मृणालीने त्यांची तेहतीस गाणी याच मशीनमध्ये भरून ठेवली होती. दुसरी प्रत नाही!

मी एक फोल्डर उघडलं. रिकामं! दुसरं उघडलं. वऱ्हाड गेल्यावरच्या मांडवासारखं रिकामं!

"सापडतील गो," मी म्हणालो. आता माझाही आवाज बसला होता.

मृणाली ओरडली असती तर परवडलं असतं. तिने सरळ फोन लावला. "आई, ह्यांनी तुझे धवले पुसले!"

"माझ्या डोक्यातनं तर नाय ना पुसले? थांब, एसटी धरते."

दोन तासांत सासूबाई दारात! पाणीसुद्धा न पिता त्यांनी घोगऱ्या आवाजात पहिला धवला धरला. मी मोबाइल पुढे केला. दुसऱ्याच ओळीला त्यांना ठसका लागला आणि माझे डोळे भरून आले.

"जावयबापू, हुंदके देऊ नका. रेकॉर्डिंगात येतात!"

मृणाली मात्र पडद्याकडे टक लावून बघत होती. "अहो, हे कोपऱ्यात काय लिहिलंय? 'लिनक्स इन्स्टॉल करा'?"

"हो. मग?"

"मग अजून केलीच नाय तुम्ही!"

लिनक्स नुसती पेनड्राइव्हवरून चालली होती, मशीनमधलं काहीच पुसलं नव्हतं! मशीन बंद केलं, पेनड्राइव्ह उपटली, पुन्हा चालू केलं. तेहतीसच्या तेहतीस जागेवर! मृणालीने एक लावला. सगुणाबाईंचा जुना खणखणीत आवाज घरभर घुमला आणि मी भिंतीला टेकून खाली बसलो.

सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच त्यांनी कपाळाला आठी घातली.

"ह्यात मी एक ओळ चुकलेय. जावयबापू, हा तेवढा पुसा बघू!"

मी दोन्ही हात पाठीमागे नेले. खरं सांगतो, पुसायचं कसं हेच मला कळत नाही!