तुंबलेली दुर्बीण

“उभा राहा! मोठ्यानं वाच!”

तीस वर्षांपूर्वीचा हा गुरुजींचा आवाज. पण आठवला की प्लंबरच्या तळहाताला अजून घाम सुटे. समोर पुस्तक, पुस्तकात अक्षरं. अक्षरं कसली, चिमण्याच त्या! जवळ जावं की भुर्र! एक ओळ पुरी होईपर्यंत वर्ग हसून हसून बाकाखाली गेलेला असायचा. शेवटी त्यानं शाळेलाच रामराम ठोकला.

पुढं नळानं त्याला तारलं. भिंतीला कान लावून पाणी कुठं मुरतंय ते सांगणारा गडी! वाचायची वेळ आली की “चष्मा विसरलो!” नाहीतर “फॉर्म तूच भर गं, तुझं अक्षर मोत्यासारखं!” बायको नर्स. त्या एका मोत्यापायी बिचारी चौदा वर्षं फॉर्म भरत राहिली. तिलासुद्धा पत्ता नव्हता.

आणि मग लेकीच्या पुस्तकातही चिमण्या उतरल्या.

लेक अकरा वर्षांची. तोंडाचा पट्टा अखंड चालू, म्हणून सगळे तिला टिटवी म्हणत. शाळेत वाचनाला अडणाऱ्या मुलांसाठी एक बाई होत्या, मुलं त्यांना खास बाई म्हणायची. त्यांनी आईबापांना बोलावून घेतलं.

“हिला डिस्लेक्सिया आहे. डोकं लख्ख आहे हो, फक्त अक्षरं हिच्यापाशी थांबत नाहीत. ओरडायचं नाही, आळशी म्हणायचं नाही. रोज धडा वाचून दाखवा. परीक्षेत ती तोंडी सांगेल, मी लिहून घेईन. घरी कोण वाचेल?”

“माझी दुपारपाळी...” नर्स म्हणते न म्हणते तोच टिटवीनं बापाकडं पाहिलं. असं पाहिलं, की दगडालाही पाझर फुटावा!

“कोण म्हणजे? मी!” प्लंबरनं छाती ठोकली. “रोज एक धडा! पुस्तक संपवलं नाही तर नाव बदला!”

बोलला, आणि स्वतःच हादरला!

संध्याकाळी पुस्तक उघडलं. चिमण्या भुर्र! पण त्याला एक नवल दिसलं. चित्रं मात्र जागची हलत नव्हती! झालं तर मग. बोट ओळीवर, डोळे चित्रावर आणि तोंड देवाच्या हवाली!

पहिलंच चित्र हृदयाचं. “हा बघ पंप. इकडून येतं, तिकडून जातं. उलटं फिरू नये म्हणून मधे झडपा.” टिटवीनं वर्गात अस्संच्या अस्सं सांगितलं आणि खास बाई भारावल्या. “काय सुंदर वाचून दाखवतात गं तुझे बाबा!”

मग काय, प्लंबरला पंखच फुटले! पुढच्या धड्यात एक दाढीवाला म्हातारा लांब नळीला डोळा लावून बसलेला. “हा मोठा शास्त्रज्ञ. पाइप कुठं तुंबलाय ते बघतोय.” त्याच्या पुढच्या धड्यात राणी, हात उगारून उभी. “वरच्या मजल्यावर पाणी चढेना, म्हणून दरबार भरवला.”

“बाबा, एवढ्याशा धड्यात एवढं सगळं?”

“बारीक अक्षरात आहे गं!”

ऐकलेलं टिटवी विसरायची नाही. मधल्या सुट्टीत ती हातवारे करून सगळं सांगायची, आणि वर्ग तिच्याभोवती गुळाला मुंगळे लागावेत तसा! परीक्षा आली तेव्हा पुस्तकं दप्तरात, आणि राणी सगळ्यांना तोंडपाठ.

परीक्षा झाल्यावर चौथ्या दिवशी शाळेतून निरोप आला. दोघांनी ताबडतोब यावं!

मोठ्या बाईंच्या खोलीत टेबलावर पेपरांचा ढीग. कोपऱ्यात टिटवी, मान खाली. वर्गशिक्षकांचा चेहरा भूत पाहिल्यासारखा.

“प्रश्न,” त्यांनी पेपर उचलला. “शास्त्रज्ञानं दुर्बिणीतून काय पाहिलं? उत्तर, पाइपातला चोकअप!”

“एखादं पोर चुकतं हो,” नर्स म्हणाली.

“चौतीस पोरं, ताई! अडतीसातली चौतीस! राणीचा पहिला हुकूम कोणता? टाकी साफ करा! एकानं तर खाली नळाच्या वॉशरचं चित्र काढलंय!”

मोठ्या बाई खुर्चीत मटकन बसल्या. खास बाईंचा वासलेला आ मिटेना. प्लंबरच्या पायाखालची फरशी सरकली. अरे बापरे! आपण एकट्या लेकीला सांगत होतो, आणि गळती अख्ख्या वर्गात!

“बाबांनी वाचलं ते हिच्या डोक्यात उलटंच उतरलं, आणि तेच हिनं वर्गभर वाटलं,” मोठ्या बाई म्हणाल्या. “मग तोंडी परीक्षेची सवलत कशाला? बंद! पुढच्या महिन्यापासून इतरांसारखं लिहायचं. जमलं नाही तर दुसरी शाळा बघा.”

“तुम्ही चष्मा लावला होता ना हो?” नर्स नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. टिटवीचा एवढा बारीक आवाज घरात कधी कुणी ऐकला नव्हता.

“बाबांनी बरोबरच वाचलं असणार. माझंच डोकं फुटकं आहे.”

एवढीशी पोर, आणि एवढं मोठं ओझं!

मोठ्या बाईंनी एक कागद पुढं सरकवला. “सवलत बंद होतेय याला तुमची संमती. वाचा आणि सही करा.”

प्लंबरनं कागद हातात घेतला. चष्म्यासाठी खिसा चाचपला नाही. बायकोकडं पाहिलं नाही. कागद नीट फिरवून पुन्हा मोठ्या बाईंपुढं ठेवला.

“पोरीनं बरोबर ऐकलं, बाई. शब्द न् शब्द बरोबर. ते धड्यात नव्हतंच, सगळं मी रचलेलं. मला वाचता येत नाही. लहानपणापासून येत नाही. तिच्यासारखीच माझीही अक्षरं उडून जातात, पण मला कुणी आजार सांगितला नाही, ढ म्हटलं.”

नर्सचा हात तोंडावर. टिटवी डोळे विस्फारून बापाकडं बघतच राहिली.

“आता या कागदात काय लिहिलंय,” प्लंबर कपाळाचा घाम पुसत म्हणाला, “तेवढं तुम्हीच वाचून दाखवा. आणि जरा सावकाश, बाई.”