हाकाऱ्याच्या अटी आणि शर्ती

जी वस्तू सर्वांची असते तिच्याकडे शेवटी कोणीच बघत नाही. म्हणून समाजाच्या हितासाठी कोणीतरी पुढे होऊन ती स्वतःच्या नावावर करून घ्यावी लागते. शाखामृग टेक्नॉलॉजीज या कंपनीने हे काम विनातक्रार केले. वालावलच्या सामंतांच्या घरात मात्र त्याबद्दल अजून कोणी आभार मानलेले नाहीत.

वस्तूचे नाव हाकारो. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या बाबा सामंतांनी काजूच्या बागेतून माकडे हाकलण्यासाठी केलेला प्लास्टिकचा डबा. आत एक सर्किट, एक भोंगा, आणि समोर काही हलले की ओरडायचे, एवढीच अक्कल. ओरडायचे काय, यावर दोन हंगाम संशोधन झाले. फटाक्यांना माकडे आठवड्यात सरावली. कुत्र्याचे भुंकणे त्यांनी मनावरच घेतले नाही. वाघाची डरकाळी ऐकायला ती पिल्लांना घेऊन येत. शेवटी बाबांनी स्वतःचीच एक हाक भरली. लेक गौरजा लहान असताना तिन्हीसांजेला तिला काजूच्या झाडावरून उतरवण्यासाठी ते मारत ती.

"गौरजाऽऽ, घराक ये गो!"

माकडे पळाली. (कारण कळलेले नाही. घरी बोलावले की पळायचे हे त्यांना गौरजानेच शिकवले असावे, असे तिच्या आईचे, माईचे, मत आहे.)

बाबांनी आराखडा, प्रोग्रॅम आणि हाक, सगळे इंटरनेटवर सर्वांसाठी खुले ठेवले. फोंडाघाटच्या कोणी त्याला सौरपट्टी जोडली, दुसऱ्या कोणी भोंगा पावसात टिकेल असा केला. अट एकच होती: वापरा, सुधारा, खुशाल विका, पण केलेली सुधारणा अशीच खुली ठेवा आणि मूळ कोणाचे ते लिहा.

शेवटच्या साध्या दिवशी गौरजा पुण्याहून आलेली होती. पडवीत वाचत बसली होती. बागेतून हाक आली. थोड्या वेळाने पुन्हा आली. तिने पान उलटले. डब्याला कोण ओ देतो? मग बाबा घाम पुसत स्वतःच वर आले.

"डबो बंद होतो गो," ते म्हणाले. "मीच हाक मारी होतंय."

तिला वाटले, आता रागावतील. ते खूश झाले.

"म्हणजे आवाज जमलो. तुकासुद्धा वळखूक येऊक नाय."

चाचणी यशस्वी झाल्याचे जाहीर करून ते जेवायला बसले. पहाटे झोपेतच गेले.

सुतकात डबा बंद ठेवला. माकडांनी सुतक पाळले नाही. त्यांनी डबा फोडला आणि आतले मेमरी कार्डही नेले. गौरजा ती हाक पुन्हा उतरवून घ्यायला इंटरनेटवर गेली, तर बाबांचे पानच काढून टाकलेले. कारण दिले होते: 'हाकारा प्रो' या व्यावसायिक उत्पादनाची नक्कल.

शाखामृगचे हाकारा प्रो हे खरोखर चांगले यंत्र आहे. डबा हिरवा आहे. तो उघडता येत नाही, त्यामुळे दुरुस्तीची कटकट नाही. वर्गणी थकली की तो गप्प बसतो आणि बागायतदाराला शिस्त लागते. कंपनीच्या पाहणीत शंभरातील ब्याण्णव माकडे पळाली. उरलेली आठ काजू खाण्यात गुंतल्याने पाहणीसाठी उपलब्ध झाली नाहीत. हाक तीच. बाबांची अट तेवढी पाळता आली नाही, कारण ती कंपनीत कोणी वाचलेली नव्हती.

मदत क्रमांकावर सुशांत नावाचा प्रतिनिधी भेटला. हा आवाज कंपनीची बौद्धिक संपदा असल्याचे त्याने अत्यंत शुद्ध मराठीत सांगितले.

"त्यात माझं नाव आहे," गौरजा म्हणाली.

"तेही, मॅडम."

मग आवाज खाली आणून सुशांत म्हणाला, "मी तळेऱ्याचो. आमच्या बागेत पण लावलो आसा. आई माझी रोज इचारता, ह्यां गौरजा नावाचां चेडू घराक जातलां तरी कधी?"

गौरजाने वर्गणी भरली. त्याआधी अटी आणि शर्ती वाचल्या, सगळ्या. असे करणारी ती कंपनीची पहिलीच ग्राहक, असे सुशांत म्हणाला. म्हणून तिला ठाऊक होते की डब्याला कान आहेत, आणि कलम एकोणीसप्रमाणे त्याच्यासमोर बोललेला शब्द कायमचा कंपनीचा होतो. सुधारित आवृत्तीत तो कोणत्याही बागेत वाजवता येतो. तिने 'मान्य आहे' दाबले. (तुम्हीही दाबलेले आहे. तुमच्या खिशातल्या त्या वस्तूसमोर आजवर कोणाला काय काय बोललात, ते आठवत बसू नका. तुम्ही वाचले नव्हते, एवढाच फरक.)

तिन्हीसांजेला तिने हिरवा डबा काजूच्या फांदीला बांधला. माई पायरीवरून बघत होती.

"जिते असताना तेंच्या हाकेक घरातलां मांजर हललां नाय," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसून आत गेली.

माकडे आली नाहीत. गौरजाने वाट पाहिली, मग स्वतःच डब्यासमोर हात हलवला.

"गौरजाऽऽ, घराक ये गो!"

डब्यावरचा दिवा लागला. तो ऐकत होता.

"इलंय, बाबा," ती म्हणाली.