हँडलचं रूट कॅनल

मी दातांचा डॉक्टर आहे आणि माझा हात कधीही थरथरत नाही. ही बढाई नाही, मी रागाने सांगतोय, कारण सध्या गावभर नेमकं उलटं बोललं जातंय. थरथरतं ते माझ्या मोटारसायकलचं हँडल! ते दहा मिनिटं धरून आलं की दवाखान्यात पोचल्यावरही बोटं आपली नाचत राहतात.

त्या दिवशी खुर्चीत शाळेच्या मुख्याध्यापिका बाई आ वासून बसल्या होत्या. मी इंजेक्शन उचललं, तर सुई त्यांच्या नाकासमोर फेर धरू लागली. बाईंनी तोंड मिटलं, दवाखान्यातला स्पिरिटचा वास नाकात भरून घेतला आणि पुन्हा येईन म्हणून उठल्या. डॉक्टर सकाळीसकाळीच पिऊन येतात, ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या पालकांना पोचली. दुसऱ्या दिवशी पेशंटच्या बाकावर माझी मदतनीस एकटीच बसून जांभया देत होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायको म्हणाली, गाडी गॅरेजमध्ये दाखवा. मी म्हटलं, रोज दाढा कोरून भरणाऱ्या माणसाला एक नळी भरता येत नाही होय? हँडल म्हणजे तरी काय, पोकळ दाढच की. पोकळी भरली की ठणका बंद!

"मग भूल पण द्या तिला," म्हणून ती आत निघून गेली.

कवळीचे साचे करायचं प्लास्टर मी घरी आणून कालवलं. हँडलच्या दोन्ही टोकांची झाकणं काढली आणि ओतलं. उजवीकडे जरा जास्त झालं, ते बाहेर ओघळलं. दिसलं तेवढं मी पुसून काढलं. जे दिसलं नाही ते अ‍ॅक्सिलरेटरच्या मुठीत जाऊन बसलं, पण हे मला तेव्हा कोण सांगणार?

सकाळी गाडी सुरू केली, तर हँडल अगदी गप्प. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मूठ तेवढी जड फिरत होती, म्हणून मी चांगला जोर लावला. ती फिरली, आणि फिरली तिथेच राहिली! गाडी बेफाम सुटली. अशा वेळी किल्ली बंद करायची असते हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला ते कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानासमोर, रिकाम्या खोक्यांच्या ढिगाऱ्यात आडवं पडल्यावर आठवलं.

दुकानदार नुकताच शटर वर करत होता. त्याने मला हात देऊन उठवलं आणि मोठ्या मायेने म्हणाला, "डॉक्टर, एवढी घाई कशाला? दुकान उघडतच होतो." मी त्याला चार शब्द सुनावणार होतो, तेवढ्यात रस्त्यापलीकडे शाळेची बस दिसली. पहिल्याच खिडकीत मुख्याध्यापिका बाई बसल्या होत्या.

त्या दिवसापासून गाडीची किल्ली बायकोने स्वतःच्या कपाटात ठेवली आणि मी दवाखान्यात चालत जाऊ लागलो. हात दगडासारखे स्थिर झाले, पण ते बघायला पेशंट कुठे होते? शेवटी बाईंचीच दाढ सुजली. गाल धरून त्या आल्या आणि निमूटपणे खुर्चीत बसल्या. या एका बाईने गावात चांगलं सांगितलं तर माझा दवाखाना वाचणार होता. मी इंजेक्शन उचललं. सुई तसूभरही हलली नाही.

"वा, डॉक्टर," बाई कौतुकाने म्हणाल्या, "सोडलीत ना? मनाचा निग्रह लागतो हो त्याला."

"बाई, मी कधी घेतच नव्हतो."

"सगळे असंच म्हणतात."

मग मात्र माझा तोल गेला. हातात सुई तशीच धरून मी त्यांना हँडल, प्लास्टर, मूठ, सगळं पहिल्यापासून सांगितलं. आवाज चढत गेला, कानशिलं तापली, आणि संतापाने माझा हात असा थरथरायला लागला की मोटारसायकलनेही लाजावं.

बाईंनी शांतपणे तोंड मिटलं. गळ्यातला रुमाल सोडून खुर्चीवर ठेवला आणि माझ्या हातावर हलकेच थोपटलं.

"एकदम सोडली की असं होतं, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "रोज थोडीथोडी कमी करा."