शेवटचं फावडं

मुलांनो, डोळे मिटा असं मी म्हणणार नाही, नाहीतर पुढचं वाचाल कसं? पण मनात एक डोंगर उभा करा. त्याच्या माथ्यावरून खाली सुटलेली एक वाट आणा, जेमतेम एका सायकलीपुरती. उजवीकडे पाइनची झाडं, डावीकडे दरी, एवढी खोल की तिथे उडणाऱ्या गिधाडांच्या पाठी वरून दिसतात. आता वाटेच्या तोंडाशी एक म्हातारा उभा करा. डोक्यावर हेल्मेट, हातात सायकल, आणि गुडघे असे लटलटताहेत की शेजारी उभ्या नातीला धडकीच भरावी.

त्या आजोबांचं नाव तोरिबिओ, नातीचं फ्रोसी. आणि आजोबांना सायकल येत नाही हे अख्ख्या एन्सिनाल गावात फक्त या दोघांना ठाऊक होतं.

हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? तोरिबिओंकडे सायकल होती. तिच्यावर बटाट्याची पोती लादून ते बाजाराला जायचे, पण जाताना-येताना तिच्या बाजूने चालत. "ओझं आहे ना," लोक म्हणायचे. परतताना पोती रिकामी असत, तेव्हा तोरिबिओ म्हणायचे, "बिचारी दमलीये."

एन्सिनालमध्ये दर रविवारी घरटी एक माणूस तेकियोला, म्हणजे गावकीच्या बिनमजुरीच्या कामाला, जातो. डोंगरातल्या सायकलवाटा त्यातूनच बनतात आणि टिकतात. त्या कामावर तोरिबिओ बावीस वर्षं मुकादम होते. मागे कुणीतरी कच्चा पूल बांधला आणि त्यावरून पडून त्यांच्या पुतण्याचे दोन दात गेले. तेव्हा तोरिबिओंनी भर सभेत गर्जना केली होती, "यापुढे वाटेवर शेवटचं फावडं जो मारेल, तोच पहिला उतरेल! मग बघू कोण कच्चं काम करतो!" नियम वहीत चढला. पोरं तर शेवटच्या फावड्यासाठी भांडायची, त्यामुळे तोरिबिओंचं बरं चाललं होतं.

पण यंदा ते निवृत्त होणार होते. सभेत अध्यक्षीणबाई उठून म्हणाल्या, "तोरिबिओकाका, नव्या वाटेवर शेवटचं फावडं तुमचंच!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

घरी येताच फ्रोसीने विचारलं, "आबा, तुम्ही 'नाही' का म्हणाला नाहीत?"

"टाळ्या वाजत होत्या गं. टाळ्यांत 'नाही' ऐकू जात नाही."

"मग उद्या सांगा."

"बावीस वर्षं लोकांच्या चुका काढल्या मी. तुझं वळण चुकलं, तुझा दगड हलतोय. आता सांगू, की मला सायकलच येत नाही?"

दुसऱ्या दिवशी गोठ्यामागे त्यांनी शिकायचा प्रयत्न केला आणि थेट निवडुंगात जाऊन बसले. फ्रोसीने अकरा काटे उपटले. प्रत्येक काट्यागणिक तिला ती दरी आणि त्या गिधाडांच्या पाठी दिसत होत्या. गोठ्यामागच्या सपाटीवर अकरा काटे, तर डोंगरावर काय?

"वाटच सोपी करून टाकतो," आबा शेवटी म्हणाले.

पहिल्या रविवारी चाक अडखळू नये म्हणून त्यांनी वाटेतले सगळे दगड काढले. गावातला सगळ्यात तुफान सायकलवाला एलिसेओ पाहायला आला आणि नाचायलाच लागला. "काका, दगड काढलेत! आता सायकल वाऱ्यासारखी सुटणार!"

दुसऱ्या रविवारी दरीत पडू नये म्हणून वळणाच्या कडेने त्यांनी मातीचा उंच तिरका बांध घातला.

"वा! आता वळणावर ब्रेकला हातच लावायला नको!" एलिसेओ ओरडला.

तिसऱ्या रविवारी वेग मोडावा म्हणून त्यांनी उतारावर एक उंचवटा केला. एलिसेओने टोपी काढून छातीशी धरली. "काका, इथून तर उडी बसणार! अहो, तुमचं काळीज आहे की काय आहे?"

"म्हणूनच केलाय तो," तोरिबिओ म्हणाले, पण आवाज फ्रोसीच्या मागे लपल्यासारखा आला.

त्या संध्याकाळी त्यांनी फ्रोसीला कोंबड्या दाखवल्या. "खुराड्याची खिटी ढिली आहे. रात्री लावून बघत जा. म्हणजे... यापुढे."

फ्रोसी रात्रभर रडली.

उद्घाटनाला सारं गाव लोटलं. बँड आला, मक्याच्या पानांत उकडलेल्या तमालेंची पातेली आली, आणि शहरातून पाहुणे म्हणून बाल्तासारसाहेब आले. बूट चकाचक, सोबत फोटोवाला. ज्या फोटोत नव्हते, त्यातही ते घुसत होते.

"आजोबा, पाय का थरथरतात?" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं हसले. "आमच्या तरुणपणी आम्ही असले उतार हात सोडून उतरायचो!"

तोरिबिओंनी घमेल्यातली माती फावड्यावर घेतली. निम्मी स्वतःच्याच बुटांवर सांडली, निम्मी वाटेवर पडली. बँड वाजला. झालं! त्यांनी सायकल ओढली आणि हळूच म्हणाले, "खिटी, पोरी. खिटी विसरू नकोस."

 फ्रोसीने वाटेकडे पाहिलं, दरीकडे पाहिलं. मग तिची नजर त्या चकाचक बुटांवर थांबली. तिने फावडं उचललं.

"साहेब, इथे थोडी माती कमी पडलीये. फोटोसाठी तुम्ही टाकता?"

"का नाही, बाळा, का नाही!" साहेबांनी कोट काढला, फावडं भरून माती टाकली, तीनदा थोपटली आणि फोटोवाल्याकडे पाहून दात दाखवले.

बँड एकदम थांबला. ट्युबावाल्याच्या जरा उशिरा लक्षात आलं, त्यामुळे त्याचा एक भोंगा एकटाच दरीत घुमला.

"शेवटचं फावडं..." एलिसेओ पुटपुटला.

सगळं गाव साहेबांकडे पाहू लागलं. अध्यक्षीणबाईंनी नियमाची वही उघडली.

"काय झालं?" साहेब म्हणाले. दात अजून तसेच बाहेर होते.

  फ्रोसीने टाचा उंचावून आबांच्या डोक्यावरचं हेल्मेट काढलं, आतला घाम झग्याला नीट पुसला, आणि दोन्ही हातांनी ते साहेबांपुढे धरलं.

"जरा घट्ट होईल," ती म्हणाली, "पण बसेल."