पायाळूच्या पाठीत उसण

कमरेत चमक भरली, पाठीत उसण धरली, तर कुठेही भटकायचं नाही, सरळ माझ्याकडे यायचं! निदान गेल्या महिन्यापर्यंत तरी मी असंच सांगत होतो. कारण मी पायाळू. जन्माला येताना आधी पाय आले, मग बाकीचा जयवंत. आणि पायाळूने डाव्या पायाची हलकी लाथ मारली की उसण पळते, हे लालबागमध्ये कोणालाही विचारा. चाळीच्या खालीच माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पेशंटने काउंटरला धरून वाकायचं, मी चप्पल काढायची, एक लाथ, की माणूस ताठ! पंचवीस वर्षांत मी अर्ध्या लालबागला लाथा मारल्या आणि लोकांनी वर माझे आभार मानले.

या मोठेपणात त्रास एकच. पायाळूवर वीज पडते म्हणतात. त्यामुळे आभाळ गडगडलं की मी लहानपणापासून थेट पलंगाखाली! आई लगेच हातात फडकं द्यायची. "बसलंस तर पुसून घे." मीही पुसायचो, तेवढाच विजेचा विसर पडायचा.

तर यंदा चाळीच्या मंडळाने माझा सत्कार ठरवला. 'पंचवीस वर्षे निःस्वार्थ लाथसेवा!' असा बॅनर लागला. मजकूर मंडळाचे अध्यक्ष अप्पा यांचा. कार्यक्रम रविवारी होता. शुक्रवारी सकाळी मी आरशासमोर शाल घेण्याची तालीम करत होतो. शाल घेताना किती वाकायचं हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. कमी वाकलं तर माज दिसतो, जास्त वाकलं तर टक्कल. मी बेताच्या नम्रतेने वाकलो.

कट्!

आणि तिथेच राहिलो.

"आई!"

"काय झाला रे झिला?"

"उसण भरली!"

"मगे मार लाथ."

"स्वतःच्या पाठीत कशी मारू?"

तरी प्रयत्न केला. टाच मांडीच्या वर जाईना, उलट दुसऱ्या पायात गोळा आला. तेवढ्यात शेजारच्या राधाबाई दारात! अख्ख्या चाळीची बातमी यांच्याकडूनच निघते.

"काय रे, ओणवा का?"

"सुई पडली," मी म्हणालो.

"थांब, मी पण बघते."

अर्धा तास आम्ही दोघं सुई शोधत होतो. शेवटी राधाबाईंनी एक सुई शोधूनही काढली! "घे. आता हो उभा," म्हणाल्या. मी म्हटलं, "दोरापण पडलाय."

विचार करा हो! रविवारी दोनशे माणसांसमोर पायाळूच वाकडा दिसला तर पंचवीस वर्षांची अब्रू एका मिनिटात जाणार. मला रविवारपर्यंत गुपचूप सरळ व्हायचं होतं. दादरला एक कायरोप्रॅक्टर आहे असं ऐकलं होतं, मणक्याचे सांधे हाताने मोकळे करणारी. फोन केला. "जुने सगळे कागद आणा," तिकडून सांगितलं. आईच्या ट्रंकेतली कागदांची पिशवीच उचलली, तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, आणि टॅक्सीत आडवा झालो.

डॉक्टर संघमित्रा घोडपदेवची, तिशीतली मुलगी. मी व्हिडिओ बघून गेलो होतो. मान धरायची, कडाक, पुढचा पेशंट! इथे कडाक राहिलं बाजूला, बाईचे प्रश्नच संपेनात. पायात मुंग्या येतात का? पाय बधिर होतो का? लघवीवर ताबा आहे ना? पडला होतात का? हाडं ठिसूळ आहेत असं कोणी सांगितलंय? रक्त पातळ करायची गोळी घेता? मग हातोडीने गुडघे ठोकले, पाय एकेक करून वर उचलले.

"अहो, मला हे सगळं ठाऊक आहे," मी मोठेपणाने म्हणालो. "आपण एकाच धंद्यातले. मी पायाळू!"

"असं का? मग लाथ मारण्याआधी पेशंटला काय विचारता?"

"काही नाही. चप्पल काढतो."

तिने पेन खाली ठेवलं. "काका, असं नका करू. हाडं ठिसूळ असलेल्या आजीबाईंना जोराची लाथ बसली तर? काही पाठींना मीसुद्धा हात लावत नाही, सरळ हॉस्पिटलला पाठवते."

माझ्या पाठीला मात्र तिने हात लावला. इकडे वळवलं, तिकडे दाबलं, एकदा बारीकसा टक् झाला.

"बसलं हाड?" मी विचारलं.

"हाड जागेवरच होतं. हा सांध्यातल्या हवेच्या बुडबुड्याचा आवाज. एका दिवसात सगळं उतरणार नाही, उद्या अंग थोडं दुखेल. व्यायाम सांगते ते करा. आणि पाय बधिर झाला तर माझी वाट बघू नका, हॉस्पिटल गाठा."

मी जवळजवळ सरळ उभा राहिलो! कागद पिशवीत भरता भरता ती एका पिवळ्या कार्डापाशी थांबली. "काका, हे तुमच्या जन्माचं कार्ड ना? यात तर लिहिलंय, बाळाचं डोकं आधी. नॉर्मल."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही पायाळू नाही."

खरं सांगतो, मला तिथेच रडू आलं. आता शाल कोणत्या तोंडाने घ्यायची? टॅक्सीत मी ठरवून टाकलं. गप्प बसायचं, शाल घ्यायची आणि सोमवारी कार्ड फाडायचं.

रविवार आला. चौकात खुर्च्या लागल्या, आई पहिल्या रांगेत बसली, मला शाल मिळाली. मी सांभाळून वाकलो, पाठ टिकली! मग श्रीफळ घ्यायला अप्पा टेबलाखालच्या पिशवीकडे वाकले.

कट्!

आवाज माझ्या चांगलाच ओळखीचा होता. "मेलो!" म्हणत अप्पा स्टेजवर आडवे झाले. दोनशे माणसं उठून उभी राहिली. "जयवंता, मार लाथ!" टाळ्या, शिट्ट्या सुरू झाल्या. सवयीने मी चप्पल काढली. पाय उचलला. आणि तोंडातून भलतंच निघालं.

"अप्पा, पायाला मुंग्या येतात का?"

"अरे, लाथ मार ना!"

"रक्त पातळ करायची गोळी घेता?"

"रोज घेतो! छातीत जाळी बसवलीय तेव्हापासून. तुला काय करायचंय?"

मी पाय खाली ठेवला. "मग नाही मारणार."

"शाल मिळाली तर भाव खातोय!" मागून कोणीतरी ओरडलं. अप्पा कण्हत होते. शेवटी मी माइक हातात घेतला आणि डोळे मिटून बोलून टाकलं, "मंडळी, मी पायाळू नाही! डोक्याकडून जन्मलोय. घरी कार्ड आहे. अप्पांना डॉक्टरकडे न्या."

राधाबाई उठल्या.

"त्यात काय नवीन? आम्हाला ठाऊक आहे."

"आं?"

"खरा पायाळू तळमजल्यावरचा आनंदा. तो गेला विरारला. कंबर धरून विरारला कोण जाणार? तू आपला खाली दुकानात कायम सापडतोस!"

"पण तुम्हाला बरं वाटायचं ना?"

"दोन दिवसांनी उसण आपसूक जाते रे. नाही गेली तर आम्ही दादरला जातो, त्या संघमित्राकडे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणजे माझा सत्कार लाथेबद्दल नव्हताच, सापडण्याबद्दल होता! अप्पांना खुर्चीत बसवून चौघांनी टॅक्सीकडे नेलं. जाताना त्यांनी बजावलं, "श्रीफळ त्याला द्या, नाहीतर मंडळाचा खर्च फुकट जाईल."

मी शालीसकट आईसमोर उभा राहिलो. "आई, तुला तरी माहीत होतं. मग लहानपणापासून मला पायाळू का म्हणालीस?"

आईने जराही न लाजता माझ्याकडे पाहिलं.

"पलंगाखालचो केर मगे कोणी काढलो असतो?"

आता माझ्या दुकानात डॉक्टरीणबाईंच्या प्रश्नांचा कागद चिकटवलेला आहे. लाथ बंद, दादरचा पत्ता मिळतो. मी पायाळू नाही हे मला पूर्ण पटलेलं आहे. परवा संध्याकाळी जोरात गडगडलं. मी अजिबात घाबरलो नाही. फक्त पलंगाखाली जरा डोकावून बघावं म्हणून आत शिरलो, तर मागून आईचा हात आला.

हातात फडकं होतं.